खिळा आणि कबुतर

विज्ञानपटात देव दिसला की माझ्या कपाळाला आठी पडायची. उघड देवाशी माझं भांडण नव्हतं. 'द टेन कमांडमेंट्स'ला जाणाऱ्याला देव भेटणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. पण उडती तबकडी, यंत्रमानव, किरणांचा मारा असं विज्ञानाचं सगळं सामान मांडायचं आणि तळाशी बायबलातली गोष्ट दडवून ठेवायची, हा मला सरळ दगाफटका वाटायचा. माणूस विज्ञान पाहायला बसलाय आणि त्याच्या नकळत त्याला चर्चमध्ये नेऊन बसवलंय, असं माझं म्हणणं. हे म्हणणं मी चारचौघांत, फिल्म सोसायटीच्या चर्चांत, कधी कुणी न विचारतासुद्धा, मोठ्या हिरीरीने मांडत आलो. आता ते तसं राहिलेलं नाही. ते कसं बदललं, ते सांगायचं आहे.

माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. विज्ञानकथा कशी असावी याची कल्पना घडली ती जयंत नारळीकरांच्या कथा वाचून. 'यक्षांची देणगी'वर वाढलेल्या आम्हा वाचकांची कसोटी साधी होती: कथेतलं विज्ञान काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे. नाही कोसळली, तर ती विज्ञानकथा नव्हे, विज्ञानाचा अंगरखा घातलेली दुसरीच कुठली तरी गोष्ट. ही कसोटी घेऊन मी परदेशी विज्ञानपटांकडे गेलो आणि जिथे जावं तिथे अंगरख्याखाली झगा दिसू लागला. 'ई. टी.'च घ्या. छातीत उजळणारं हृदय, बोटाच्या स्पर्शाने बरी होणारी जखम, मरण, पुन्हा उठणं, शेवटी आकाशात जाणं. वर पोस्टरवर मायकेलअँजेलोच्या आदमसारखं बोटाला बोट. स्पीलबर्ग यावर हसून सांगायचे की माझ्या आईचं लॉस एंजेलिसमध्ये कोशर रेस्टॉरंट आहे, मी ख्रिस्ती रूपककथा काढली म्हणून तिला सांगितलं तर ती काय म्हणेल! ज्यू दिग्दर्शकाचा हा खुलासा मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, मग तर प्रकरण आणखीच गंभीर आहे. न ठरवताही तीच गोष्ट बाहेर पडते.

पण माझा हुकमी पुरावा वेगळा होता. १९५१ सालचा 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, पटकथा एडमंड नॉर्थ यांची. वॉशिंग्टनच्या मैदानावर तबकडी उतरते, तिच्यातून क्लाटू नावाचा शांत, सडपातळ पाहुणा आणि गॉर्ट नावाचा महाकाय यंत्रमानव बाहेर येतात. पहिल्याच मिनिटाला एक घाबरलेला सैनिक क्लाटूवर गोळी झाडतो. पुढे तो लष्करी इस्पितळातून निसटतो, कुणाचा तरी सूट चढवून सामान्य माणसांत मिसळतो, आणि त्या कोटाला लावलेल्या लाँड्रीच्या चिठ्ठीवरचं नाव आपलं म्हणून सांगतो. चिठ्ठीवर नाव असतं मेजर कारपेंटर. सुतार. मग पुढचं सगळं आपोआप जुळतं. दुपारी बाराच्या ठोक्याला जगभरची वीज थांबते. त्याला ओळखणारा एक जण स्वार्थापोटी त्याची खबर देतो. सैनिक त्याला ठार मारतात. गॉर्ट कोठडीची भिंत वितळवून त्याचं शव बाहेर काढतो. तो जिवंत होतो. जमलेल्यांना उपदेश करून आकाशात निघून जातो. हेलन नावाची बाई विचारते, या यंत्राला जीवनमरणावर सत्ता आहे का? तर क्लाटू सांगतो, नाही, ती सत्ता फक्त सर्वशक्तिमान परमात्म्याची.

या शेवटच्या वाक्यावर मी टेबलावर हात आपटायचो. बघा! ताऱ्यांच्या पलीकडून आलेला, आपल्यापेक्षा शेकडो वर्षं पुढे गेलेला प्राणीसुद्धा हॉलिवूडमध्ये उतरला की देवाचं नाव घेतो.

या वाक्याची हकीकत कळली आणि माझ्या मताला पहिला तडा गेला. हॉलिवूडमध्ये त्या काळी प्रॉडक्शन कोड नावाची आचारसंहिता होती. तिच्या लेखनात एका जेझुइट पाद्र्याचा हात होता, आणि तिचा अंमल जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाच्या कचेरीकडे होता. पटकथा आधी तिथे जायची. या चित्रपटाची गेली तेव्हा कचेरीला आक्षेपार्ह वाटलं ते हे की एक यंत्र मेलेल्याला उठवतं. म्हणजे उद्या प्रेक्षक म्हणणार, हे काम विजेच्या दिव्यांनीही होतं, त्याला देव कशाला? म्हणून परमात्म्याचं ते वाक्य घालायला लावलं. ज्या वाक्याच्या जोरावर मी विज्ञानपटात धर्म घुसल्याची तक्रार करत होतो, ते वाक्य धर्माच्या राखणदारांनी विज्ञानपटाला वेसण म्हणून घातलेलं होतं. त्यांना क्लाटूत येशू दिसून आनंद झाला नव्हता. त्यांना धास्ती वाटली होती.

आणि सुताराचं काय? तर ती नॉर्थ यांची खासगी गंमत. निर्माता जूलियन ब्लॉस्टाइन किंवा दिग्दर्शक वाइज, दोघांपाशीही आपण याचा विषय काढला नाही, हे साम्य प्रेक्षकाच्या नेणिवेतच राहावं अशी आपली इच्छा होती, असं त्यांनी पुढे सांगितलं. वाइज यांच्या तर ते लक्षातही आलं नव्हतं. चित्रपट झाल्यावर लोकांनी दाखवून दिलं तेव्हा त्यांना कळलं. ज्या हॅरी बेट्सच्या कथेवर हा चित्रपट बेतला, त्या १९४० सालच्या 'फेअरवेल टू द मास्टर'मध्ये तर हा सुतार नाहीच. तिथे क्लाटू आल्याआल्या मारला जातो आणि शेवटी उघड होतं की मालक तो नव्हताच, मालक यंत्रमानव होता.

म्हणजे मी ज्याला कारस्थान समजत होतो त्यात एकाने गंमत केली, दुसऱ्याला पत्ता नव्हता, आणि तिसऱ्याने घाबरून एक वाक्य चिकटवलं. कारस्थानाला निदान दोघांचं एकमत तरी लागतं.

तरी एवढ्याने मत बदलत नाही. हेतू कुणाचा का असेना, गोष्ट तर येशूचीच उरते ना, असा माझा बचाव तयार होता. तो पाडला वसईच्या एका मित्राने. पिढ्यान्‌पिढ्यांचं कॅथलिक घर, रविवारची मिस्सा सहसा न चुकवणारा, आणि सिनेमाचा माझ्याइतकाच वेडा. त्याच्याकडे आम्ही हा चित्रपट पाहिला. मी अर्थातच जागोजाग थांबवून दाखवत होतो: हा सुतार, हा विश्वासघात, ही कबर. तो ऐकत होता, माना डोलवत होता. क्लाटूचं शेवटचं भाषण झालं आणि म्हणाला,

"अरे, येशू जाताना काय सांगून गेला? मी तुमच्यासोबत आहे म्हणून सांगून गेला. हा तुझा क्लाटू काय सांगतो? मारामाऱ्या अंतराळात आणल्यात तर पृथ्वीचा कोळसा करू. हा तारणारा कसला? हा फौजदार!"

मी म्हटलं, बाकी सगळं तर जुळतं.

"बाकी सगळं जुळतं म्हणूनच जे जुळत नाही ते बघ ना," तो म्हणाला. "आणि काय रे, प्रभातच्या तुकारामात शेवटी गरुडाचं विमान येतं, तेव्हा का नाही तू ओरडत फसवणूक म्हणून?"

"तो संतपट आहे."

"म्हणजे देवाचं विमान चालतं, पण विमानातला देव चालत नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'संत तुकाराम' १९३६ सालचा, दामले आणि फत्तेलाल यांचा, पुढच्याच वर्षी व्हेनिसला गौरवला गेलेला. गरुडाच्या आकाराचं ते विमान वैकुंठाकडे निघतं, त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस बसलेले असतात, आणि ते दृश्य मी लहानपणापासून कुठलीही हरकत न घेता पाहत आलो होतो. पुण्याच्या स्टुडिओत, हाताशी होत्या त्या साधनांत त्यांनी ते कसं उडवलं असेल याचंच कुतूहल वाटायचं. आपल्या ओळखीच्या गोष्टीला मी कारागिरी म्हणत होतो आणि परक्या गोष्टीला घुसखोरी.

पण मित्राचं खरं देणं ते पहिलं वाक्य. श्रद्धावान माणसाला सुताराच्या नावाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्याला शुभवर्तमान पाठ होतं, म्हणूनच ती गोष्ट कुठे मोडली ते त्याला लगेच दिसलं. मी ती पुस्तकांतून, समीक्षकांच्या बोटाला धरून शिकलो होतो. मला नुसती जुळणी दिसत होती. त्या रात्री परमात्म्याचं ते वाक्य मी पुन्हा लावून ऐकलं. क्लाटू तिथे थांबत नाही. पुढे तो सांगतो की या तंत्राने काही वेळा जीव परत येतो, पण थोड्या काळापुरता. हेलन विचारते, किती? तो म्हणतो, ते कुणालाच सांगता येत नाही. क्लाटू झालेला मायकेल रेनी हे इतक्या सहजपणे म्हणतो की कानावरून निघून जावं. येशूचं पुनरुत्थान हा मृत्यूवरचा विजय आहे. क्लाटूची झाली आहे ती दुरुस्ती, आणि तिची मुदत ठाऊक नाही. आपल्याला धमकी देऊन तबकडीत चढणाऱ्या त्या फौजदाराच्या खात्यावर किती दिवस शिल्लक आहेत हे त्याला स्वतःला माहीत नाही, आणि तरी तो ते काम पुरं करून जातो. हे बायबलात नाही. बेट्सच्या कथेत नाही. जुनी गोष्ट अंगावर घेऊन तिच्यातून निसटताना चित्रपटाने हे मिळवलं आहे, आणि त्यात ब्रीनसाहेबांच्या कचेरीचाही वाटा आहे, हे मला त्यांच्याबद्दल फारसं प्रेम नसतानाही मान्य करावं लागतं.

तेव्हापासून मी चित्रपट उलट्या बाजूने पाहू लागलो. जुळतं कुठे हे सोडून, मोडतं कुठे.

अशा नजरेने पाहिलं तर 'मेट्रोपोलिस' हा फार विचित्र चित्रपट ठरतो. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला. त्याच वर्षी एच. जी. वेल्स यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची यथेच्छ धुलाई केली, आणि मी बरीच वर्षं वेल्स यांच्या पक्षात होतो. इथे धर्म दडलेला नाहीच, ठासून भरलेला आहे. भुयारात क्रुसांच्या गर्दीत मारिया कामगारांना बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट सांगते. यंत्र मोलॉख होऊन माणसं गिळतं. खोटी मारिया सात डोक्यांच्या श्वापदावर बसून अवतरते. कॅथीड्रलमध्ये सात पापांचे पुतळे जिवंत होतात. आणि शेवटी मालकाचा मुलगा मध्यस्थ होऊन, चर्चच्या दारात, बापाचा हात कामगारांच्या मुकादमाच्या हातात देतो. मेंदू आणि हात यांच्यामध्ये हृदय. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांनाच पुढे ही परीकथा वाटू लागली आणि तसं त्यांनी मुलाखतीत बोलूनही दाखवलं. पटकथा त्यांच्या पत्नीची, थेआ फॉन हार्बू यांची. (लांग यांच्याशी घटस्फोट झाल्यावर या बाईंनी बर्लिनमध्ये गुपचूप लग्न केलं ते बेळगावकडच्या अयी तेंडुलकर या पत्रकाराशी. तेंडुलकर महायुद्धाच्या आधी मायदेशी परतले, तुरुंगात गेले, आणि बाई तिकडेच राहिल्या. नाझी राजवटीतही त्या चित्रपट लिहीत होत्या. हा एक वेगळ्याच कादंबरीचा ऐवज आहे.)

शेवटाबद्दल माझं मत आजही वेल्स यांच्याइतकंच कडू आहे. जिथे 'मेट्रोपोलिस' गोष्टीबरहुकूम चालतो तिथे तो पडतो. पण त्यातला एक प्रसंग मी पूर्वी नीट पाहिलाच नव्हता. मालकाचा मुलगा फ्रेडर एका दमलेल्या कामगाराच्या जागी उभा राहतो. समोर माणसापेक्षा मोठी तबकडी, तिच्या कडेने दिवे. जो दिवा लागेल तिकडे दोन्ही हातांनी काटा ओढून न्यायचा. एक लागला, दुसरा लागला, परत पहिला. काटे जड आहेत. हात ताणले जातात, मान पडते, आणि पाळीचं दहा तासांचं घड्याळ काही सरकत नाही. शेवटी तो तबकडीवर हात पसरून लोंबकळतो आणि बापाला हाक मारतो. क्रूस आहेच, अगदी धडधडीत आहे. पूर्वी मी इथे खूण करून पुढे जायचो. पण नीट पाहा: हा क्रूस कुणी वरून आणून लावलेला नाही. असल्या यंत्रावर दहा तास उभं केलं की कुणाही माणसाचं शरीर त्याच आकारात येणार. इथे धर्मातल्या चित्रामुळे कारखाना कळत नाही. कारखान्यामुळे ते चित्र नव्याने कळतं. ज्या कुणाला गिरणीतल्या पाळ्या ऐकून तरी माहीत आहेत, त्याला हे समजायला बायबल वाचलेलं असण्याची गरज नाही.

'२००१: अ स्पेस ओडिसी'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आधीच फार लिहिलं गेलंय. तो काळा एकाश्म, ती ग्रहांची एका रेषेतली मांडणी, शेवटचं ते तारकाबालक, यांची उकल करत मी पुष्कळ संध्याकाळी घालवल्या. पण एकाश्म दिसताना जे अंगावर काटा आणणारं कोरस वाजतं, ते काय आहे हे मी कधी पाहिलंच नाही. ते ग्योर्गी लिगेती यांच्या 'रिक्विएम'मधलं 'किरिए' आहे. म्हणजे मृतांसाठीच्या मिस्सेतली दयेची याचना. लिगेती हंगेरियन ज्यू. वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत गेलेले. त्यांनी १९६० च्या दशकात रचलेली ही याचना दिग्दर्शक कुब्रिक यांनी उचलली आणि वानरांच्या टोळीवर लावली, आणि लाखो वर्षांनंतर चंद्रावर उतरलेल्या शास्त्रज्ञांवरही तीच लावली. वानर जसा घाबरत घाबरत दगडाला हात लावतो, तसाच अंतराळ पोशाखातला डॉ. फ्लॉइड हातमोज्याने लावतो. संगीत तेच, हात तसाच. मग शास्त्रज्ञ दगडासमोर ओळीने उभे राहून फोटो काढायला जातात, पर्यटनस्थळी काढावा तसा, आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. यात दडवलेलं काहीच नाही. प्रार्थना चालू आहे, मोठ्याने चालू आहे. कुब्रिक यांनी १९६८ च्या मुलाखतीत स्पष्टच सांगितलं होतं की या चित्रपटाच्या गाभ्याशी देवाची कल्पना आहे, फक्त ती कुठल्याही प्रचलित धर्मातल्या देवाची नाही. मी पडद्यावर खुणा शोधण्यात इतका गुंतलो होतो की कानावर पडणारं ऐकलं नाही. आणि माझ्या जुन्या कसोटीवरही हे उतरतं. यातलं विज्ञान काढून घ्या, ही याचना कुणापाशी चालली आहे तेच उरत नाही.

ज्याने माझं मत कायमचं पक्कं केलं तो 'ब्लेड रनर', १९८२ चा. त्याच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत या सगळ्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. रॉय बॅटी हा कारखान्यात बनवलेला माणूस, आयुष्य चार वर्षांचं, आणि ते संपत आलंय. आपल्या निर्मात्याला, टायरेलला, तो भेटून आलाय. आयुष्य वाढवून मागितलं, ते मिळालं नाही, तेव्हा त्याने त्याला स्वतःच्या हातांनी मारलं. आता मोडक्या इमारतीत, पावसात, तो त्याला संपवायला आलेल्या डेकार्डच्या मागे लागलाय. एकाएकी त्याचा हात आखडतो. बोटं वळतात, सरळ होईनात. तो त्यांच्याकडे पाहतो, आणि फळीतला एक गंजका खिळा उपसून स्वतःच्या तळहातात घुसवतो. वेदनेने हात पुन्हा जागा होतो.

तळहातात खिळा म्हटलं की काय ते सांगायला नकोच. पूर्वी मी म्हणायचो, घ्या, आला येशू. आता मला त्या खिळ्याचं काम दिसतं. मरत चाललेला हात थोडा वेळ चालू ठेवायचा आहे आणि दुसरं काही हाताशी नाही. सायटिका किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने चिमटा काढून पाहावा, तितकं ते शारीर आहे. हा खिळा कुणा दुसऱ्याने ठोकलेला नाही, आणि तो ठोकून घेणाऱ्याला कुणाचं पाप वाहायचं नाही. त्याला फक्त आणखी काही मिनिटं हवी आहेत. पित्याच्या आज्ञेत राहिलेल्या पुत्राची ती जखम पित्याला मारून आलेल्या पुत्राच्या हातावर आलेली आहे. आणि त्या उसन्या मिनिटांत तो करतो काय, तर छपराच्या कडेवरून सुटलेल्या शत्रूला वर ओढून घेतो. गोष्ट ओळखीची वाटते न वाटते तोच इतकी वेगळी होते की दम लागतो.

आणि मग, त्याच छपरावर, ते कबुतर. रॉयच्या हातात पांढरंशुभ्र कबुतर असतं. तो आपलं अखेरचं बोलणं बोलतो (ते रुटगर हाऊअर या नटाने शूटिंगच्या आदल्या रात्री कापूनछाटून, स्वतःची भर घालून आणलेलं), मान खाली पडते, मूठ सुटते, कबुतर उडतं. मूळ प्रतीत तर आख्खा चित्रपट काळोख्या पावसात असताना कबुतर नेमकं स्वच्छ उजेडाच्या आकाशात जातं. २००७ च्या सुधारित प्रतीत दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी ते आकाश दुरुस्त करून घेतलं. आकाश दुरुस्त झालं, कबुतराचं काय करणार? त्याला त्या प्रसंगात स्वतःचं काही कामच नाही. ते आत्मा म्हणून आलंय, आत्मा म्हणून जातं. खिळा काढून टाकला तर रॉयचा हात चालणार नाही आणि डेकार्ड खाली पडेल. कबुतर काढून टाकलं तर काहीही होणार नाही.

वसईच्या मित्राला हे पटत नाही. त्याला कबुतर आवडतं. चित्रपटभर ज्याला आत्मा आहे की नाही यावर वाद चाललाय, त्याच्या हातून ते सुटलेलं दाखवणं हेच त्याचं काम, असं तो म्हणतो. असू दे.

एका ठिकाणी मात्र माझी जुनी चीड नाहीशी न होता पत्ता बदलून राहायला गेली आहे. तो चित्रपट म्हणजे स्पीलबर्ग यांचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड', १९७७ चा. त्यात अमेरिकेतल्या नायकाच्या घरी टीव्हीवर चक्क 'द टेन कमांडमेंट्स' लागलेला असतो. पुढे त्याला एका डोंगराचा ध्यास लागतो, बायकामुलांना मागे टाकून तो वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरपाशी पोहोचतो, आणि वरून प्रकाश उतरतो. सिनाय पर्वत आहे, हाक आलेला माणूस आहे, जाणाऱ्यांसाठी पाद्र्याने म्हटलेली प्रार्थना आहे. हे सगळं कथेच्या पोटात मुरवलेलं आहे आणि सुरेख मुरवलेलं आहे. आणि मधेच भारत येतो. पडद्यावर धरमशाळा म्हणून दाखवलेलं, पण चित्रित केलेलं आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात, फेब्रुवारी १९७७ मध्ये. हजारोंचा जमाव बसून पाच सुरांची एक धून घोळवतोय. फ्रान्स्वा त्रुफो यांनी रंगवलेला शास्त्रज्ञ विचारतो, हे सूर कुठून आले? आणि क्षणात हजारो हात एकदम आकाशाकडे जातात.

ते हात वर जाणं जबरदस्त आहे, दर वेळी अंगावर येतं. पण मला आता दिसतं ते असं की अमेरिकन माणसाच्या वाट्याला पर्वत, ध्यास, शंका, घर सोडण्याचा अपराध, म्हणजे अख्खा धर्म आलाय, अव्यक्त आणि गुंतागुंतीचा. आमच्या वाट्याला आला जमाव. त्या हजारोंतल्या एकालाही शंका नाही, एकाचंही घर नाही. त्यांचा धर्म वरवर दिसतो, कारण तो पोशाख म्हणून वापरलाय. पूर्वी मी दडवलेल्या प्रतीकांवर रागवायचो. आता वाटतं, दडवलेलं निदान कुणाच्या तरी आत असतं.

हे असंच असायला हवं होतं का? नाही. त्याआधी दहा वर्षं सत्यजित राय यांनी कोलंबिया या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. ती कधीच पडद्यावर आली नाही. तिच्यात बंगालमधल्या एका खेड्याच्या तळ्यात रात्री अंतराळयान उतरतं, आणि सकाळी पाण्याबाहेर निघालेला त्याचा सोनेरी कळस पाहून गावकरी समजतात, बुडालेलं देऊळ वर आलं. लगेच पूजा सुरू. एक धनिक व्यापारी तळं उपसून संगमरवर बसवायच्या आणि आपल्या नावाची पाटी लावायच्या खटपटीला लागतो. ही पाटी रायच लिहू शकतात. आपल्याकडच्या कुठल्याही देवळात पायरीपासून पंख्यापर्यंत देणगीदारांची नावं वाचत आत जाणाऱ्याला हा माणूस लांबचा वाटणार नाही. राय यांनी धर्म दडवला नाही, सजवलाही नाही. लोक अनोळखी वस्तूला आपल्या ओळखीचं नाव कसं देतात, तोच गोष्टीचा विषय केला. मी मुळात ज्या प्रश्नाशी झगडत होतो तो राय यांनी पहिल्याच प्रसंगात, तळ्याच्या काठावर, गावकऱ्यांच्या तोंडी दिला होता. तो चित्रपट निघाला असता तर माझी पुष्कळ भाषणं वाचली असती. ऐकणारेही वाचले असते.

तर मत बदललं आहे, पण ते सरसकट बदललेलं नाही. 'द मेट्रिक्स'मध्ये ट्रिनिटी, झायन, आणि जहाजाच्या पाटीवर मार्क तीन, क्रमांक अकरा असं शुभवर्तमानातल्या अध्यायासारखं कोरलेलं दिसतं तेव्हा मला अजूनही कंटाळाच येतो. ते प्रेक्षकाने शोधून काढावं म्हणूनच ठेवलेलं असतं आणि सापडलं की त्याचं काम संपतं. आणि २०१३ साली 'मॅन ऑफ स्टील' आला तेव्हा तर हद्द झाली. तेहतीस वर्षांचा सुपरमॅन, चर्चमध्ये बसलेला, पाठीमागे रंगीत काचेत येशू. वॉर्नर ब्रदर्सने अमेरिकेतल्या पाद्र्यांसाठी खास खेळ ठेवले आणि त्यांच्या हाती प्रवचनाची तयार टिपणं दिली. येशू हाच मूळ सुपरहिरो, अशा विषयाची. ब्रीन यांच्या कचेरीला क्लाटू येशूसारखा दिसेल याची भीती होती. साठ वर्षांनी स्टुडिओला भीती होती ती सुपरमॅन येशूसारखा दिसणार नाही याची.

हे टिपणांचं प्रकरण मी मित्राला फोनवर मोठ्या तावातावाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"किती मिनिटांचं होतं रे ते प्रवचन?" तो म्हणाला. "छोटं असलं तर आमच्या फादरांना पाठवू या."